गंगाजल लिहिलेली बाटली

मधुरा आणि ईशान,

हे पत्र मराठीत आहे याचं तुम्हाला नवल वाटेल. आजवर माझे मेल तुम्हाला इंग्रजीतच आले, परिच्छेद पाडून, स्पेलिंग तपासून. पण आता जे सांगायचं आहे ते मी इंग्रजीत तीनदा लिहून पाहिलं आणि तिन्ही वेळा फाडलं. इंग्रजीत मी लिहिलं की थोडंसं घेत असे, तर ते चहात साखर कमी घेण्यासारखं दिसतं. मराठीत ते वाक्य असं होतं : मी दारू पीत होते. ईशान, तुला जे वाचता येणार नाही ते ताई वाचून दाखवेल. काही वाक्यं मोठ्याने वाचायला तिला जड जातील. तिने ती गाळू नयेत.

आत्ताच का, तेही सांगते. भाऊबीजेला आपण फोनवर बोललो. शाळा-कॉलेजाला सुट्टी लागली की तुम्ही येताय, मार्गशीर्षातला एखादा गुरुवार तुम्हाला सापडेल, तर देवीची मांडणी या वेळी मी एकटी करणार, असं मधुरा म्हणाली. मग तिने विचारलं, "आजी, गंगाजल आहे ना घरात?"  आणि तीच लगेच पुढे म्हणाली, "नसलं तरी चालेल." मी विषय चकल्यांवर नेला. त्या प्रश्नाचं उत्तर मी गेले बारा दिवस टाळते आहे. तुम्ही दारात येऊन उभे राहण्याआधी ते तुमच्यापर्यंत पोचायला हवं.

आजोबा गेले त्याला आता पाच वर्षं होतील. त्यांच्या कपाटात ब्रँडीची एक बाटली होती, थंडी-खोकल्यासाठी ठेवलेली. ते गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला खोकला झाला आणि मी दोन चमचे घेतले. त्या रात्री झोप लागली. खोकला आठवड्यात गेला, चमचे राहिले. मग चमच्याची वाटी झाली आणि वाटीचा पेला. मी एकतीस वर्षं कॉलेजची लायब्ररी सांभाळली. पुस्तक कितव्या कपाटात कितव्या फळीवर आहे हे मी डोळे मिटून सांगत असे. तशी बाई आपल्या हातातल्या पेल्याचा हिशेब चुकवू शकते असं मला कधी वाटलं नव्हतं. म्हणून चुकतोय हे कळायला दोन वर्षं लागली.

वाइन शॉप आपल्या सेक्टरमध्येही आहे, पण तिथे मला सगळे ओळखतात. मी रिक्षाने सानपाड्याच्या पलीकडे जायची. दुकानदाराला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की केकसाठी हवी आहे. पुढे मी पांढरी, बिनरंगी व्होडका घ्यायला लागले. तिला वास कमी, आणि पाण्यासारखी दिसते. तरी प्रत्येक वेळी केकचं नाव घ्यायचीच. एकदा जूनमध्ये, छत्री मिटवत उभी असताना, तो हसून म्हणाला, "काय मॅडम, पावसाळ्यात पन केक? तुमच्या घरी रोजच बड्डे वाटतं." मागे उभी असलेली माणसं हसली. मीही हसले. पिशवीत बाटलीवर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि रिक्षात बसले. त्या दिवशी थांबायला हवं होतं. मी फक्त दुकान बदललं.

आता लेबलाबद्दल. माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर लेबल असतं, पदार्थाचं नाव आणि भरल्याची तारीख, हे तुम्हाला माहीत आहे. ईशान लहानपणी त्याला 'आजीची लायब्ररी' म्हणायचा. देवघराच्या खालच्या फळीवर एक काचेची बाटली होती, तिच्यावरही माझ्या अक्षरात लेबल होतं : गंगाजल. आजोबांनी ते हरिद्वारहून आणलं होतं. प्रवासभर मांडीवर धरून आणलं, सामानात टाकू दिलं नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या तोंडात त्यातलेच दोन थेंब मी घातले होते. उरलेलं पाऊण बाटली पाणी माझ्यासाठी ठेवलं होतं, माझी वेळ येईल तेव्हासाठी.

कामाला येणाऱ्या बाईंच्या हाती कधीतरी कपाटात काही लागेल या भीतीने मी जागा शोधत होते. देवघराला त्या हात लावत नसत. एका सकाळी, आंघोळ झाल्यावर, मी ते गंगाजल बेसिनमध्ये ओतलं आणि त्या बाटलीत व्होडका भरली. लेबल तसंच ठेवलं. हे करताना माझे हात थरथरत नव्हते. फनेल धुऊन जागेवर ठेवलं, बेसिन पुसलं. पुढे दर आठवड्याला मी ती बाटली भरत राहिले. रोज सकाळी त्याच देवापुढे हात जोडून म्हणायची, देवा, मला यातून सोडव. त्याच्या पायाखालच्या फळीवर मी काय जपून ठेवलं आहे, हे त्याला दिसत नसावं असं मी धरून चालले होते.

गेल्या डिसेंबरात तुम्ही आलात. तुमच्या आईने मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार धरला. चौरंग, त्यावर तांदळाची रास, कलश, पाच झाडांच्या डहाळ्या, नारळाला मुखवटा, गळ्यात माझी मोत्यांची माळ. शेजारच्या दोघी-तिघी हळदी-कुंकवाला यायच्या होत्या. मी आत पुरणाचं बघत होते. मधुरा कलशात पाणी भरत होती. पाणी, सुपारी, दूर्वा, नाणं झाल्यावर तिने पोथीत बघितलं आणि हाक मारली, "आजी, गंगाजल घालू ना?" मी दारात आले तोवर ती देवघराच्या फळीपर्यंत पोचली होती. बाटली तिच्या हातात होती.

मला एकच वाक्य म्हणायचं होतं. 'ते नको, जुनं झालंय.' तेवढंही चाललं असतं. पण मनात पुढचे प्रश्न आधी आले : जुनं कसं होईल, बघू, वास का येतोय. म्हणून मी म्हणाले, "घाल की." आणि परत पुरणाकडे गेले. मधुराने दोन थेंब नाही घातले, ती मनाने मोठी आहे, तिने अर्धी बाटली ओतली. त्याच बाटलीतलं चमचाभर तीर्थाच्या भांड्यातही गेलं. तुमच्या आईने आरती झाल्यावर सगळ्यांच्या तळहातावर पळीभर तीर्थ दिलं. शेजारच्या काकूंना दिलं, ईशानला दिलं, मला दिलं. ईशान म्हणाला, "हे थोडं स्ट्रेंज लागतंय." काकू म्हणाल्या, "तुळशीचं असेल रे, उग्र असते." मी माझं तीर्थ प्यायले आणि हात डोक्यावरून फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुराने रीतीप्रमाणे कलशातलं पाणी खिडकीतल्या तुळशीला घातलं. मग ती सिंकपाशी गेली आणि कलश चिंचेने दोनदा घासला. दोनदा घासण्याइतका तो काळा नव्हता. मी बघत होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तुम्हाला निरोप देताना विमानतळाच्या दारात ती मला बिलगली आणि कानात म्हणाली, "आजी, एकटी राहू नकोस ना." मधुरा, तुला तेव्हा काय कळलं होतं ते मी विचारत नाही. तू सांगितलं नाहीस, त्यात तुझा काही दोष नव्हता. एकोणीस वर्षांच्या मुलीवर ते ओझं मी टाकलं, तेवढं मला माहीत आहे.

विमानतळावरून घरी आले ती एकोणतीस तारीख होती. बाटलीत उरलेलं मी संडासात ओतलं आणि ठरवलं की संपलं. मी ठरवलं की होतं, अशी माझी जन्मभराची समजूत. संध्याकाळी घाम सुटला. दुसऱ्या दिवशी जेवण पोटात ठरेना, हातातला कप बशीवर वाजू लागला. आणि तुळस गेली. पानं आधी तपकिरी झाली, मग हात लावला की गळून पडू लागली. त्या दिवशी तुमचा पोचल्याचा फोन आला. मधुराने तुळशीचं विचारलं. मी म्हणाले, "थंडीने जरा मलूल झालीय." नवी मुंबईची थंडी. तुम्ही मोजे न घालता फिरत होतात त्या थंडीने.

एकतीस तारखेला दुपारी मी बाहेर पडले ते तुळशीचं रोप आणायला. जुन्या कुंडीत नवीन रोप लावायचं, म्हणजे तुम्हाला कॅमेऱ्यात दाखवता येईल आणि माझं खोटं हिरवं राहील. नर्सरीतून काळ्या पिशवीतलं रोप घेतलं. तिथून घर डाव्या हाताला. माझे पाय उजव्या हाताला गेले. खरं सांगते, ते पाय मीच टाकले. आपल्याच सेक्टरमधलं दुकान, जिथे मी चार वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. ओळखीचं कोणी भेटेल हा विचारसुद्धा त्या दिवशी मागे पडला होता.

थर्टी फर्स्टची रांग पानवाल्याच्या टपरीपर्यंत आली होती. सगळी तरुण मुलं, हेल्मेट हातात. मी एका हातात तुळस धरून शेवटी उभी राहिले. एकाने वळून बघितलं आणि मित्राला म्हणाला, "भाई, आजीला पुढे जाऊ दे ना, पाय दुखत असतील." दुसरा म्हणाला, "आजी, जोरात काय पार्टी? आम्हाला पन बोलवा." तिसऱ्याने त्याला कोपर मारलं. कोणी वाईट बोललं नाही. सगळ्यांनी वाट करून दिली. आयुष्यात मला असा मान फार थोड्या ठिकाणी मिळाला, आणि तो तिथे मिळत होता. मी मान खाली घालून पुढे सरकत गेले. माझ्यापुढे दोनच माणसं उरली.

"बाय, तुलस घेऊन या लायनीत कशाला उभी र्‍हायलीस?"

आवाज खालून आला. दुकानाच्या पायरीच्या कडेला एक कोळीण टोपली घेऊन बसली होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल. एकतीस तारखेला तिथे मासळी हातोहात खपते. तिची टोपली रिकामी झाली होती, ती सुरी फडक्यात गुंडाळत होती. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती पुन्हा म्हणाली, "तुला पैसं काढाला हात मोकला लागंल. दे, मी धरते." मग स्वतःच म्हणाली, "नको. माझा हात मासलीचा हाय, तुलशीला नाय लावनार. पदरात ठेव." आणि तिने बसल्या जागी पदर पसरला.

मी वाकले. रोप तिच्या पदरात ठेवायचं, पर्स उघडायची, इतकंच करायचं होतं. पण माझा हात इतका हलत होता की पिशवीतली माती तिच्या पदरावर सांडत राहिली. ती मातीकडे बघत नव्हती, माझ्या मनगटाकडे बघत होती.

"कवापासून?"

"काय?"

"ह्यो हात."

"बीपी आहे मला."

"बीपी हाय तं बीपीच्या दुकानात जा. इथं काय भेटनार?"

मागचा मुलगा हसला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो हेल्मेटचा पट्टा लावू लागला. मग तिने आवाज खाली आणला. "आमच्या मालकाचा असाच हात हलायचा. पोरीच्या लग्नासाठी त्यान दारू एकदम सोरली. मना लय बरा वाटला. तिसऱ्या दिशी होडीवर असताना फिट आली, खारीत परला. वर आला नाय. मागून डाक्टर बोलला, आधी आनला असता तं गोली दिली असती, इंजेक्शन दिला असता. आमाला काय ठाव, सोरन्याला पन डाक्टर लागतो." तिने सुरी टोपलीत टाकली. "तू सोरलीस का घ्यायला आलीस?"

काउंटरवरचा माणूस म्हणाला, "हां आजी, बोला."

मधुरा, ईशान, चार वर्षांत मला हा प्रश्न कोणी सरळ विचारला नव्हता. तुमच्या आईने विचारला नाही, कारण मी तिला संधीच दिली नाही. आणि ज्या बाईने विचारला तिच्यासारख्या बायकांच्या रांगेवरून जाताना मी जन्मभर नाकाला रुमाल लावला होता. मी म्हणाले, "दोन्ही." ते माझं पहिलं खरं वाक्य होतं.

ती उठली. टोपली डोक्यावर ठेवली, पदरातली तुळस तशीच पदरासकट उचलून पोटाशी धरली, म्हणजे तिचा हात रोपाला लागेना. दुसऱ्या हाताने तिने माझं मनगट पकडलं. रांगेतल्या मुलांना म्हणाली, "सरका रे." मला कुठे नेते आहेस, असं मी विचारलं नाही. रिक्षावाला कुरकुरला, "मावशी, टोपली नाय चालनार, वास येतो." ती म्हणाली, "तुझे आयेला सांग, तिनंच सकाली घेतली माझ्याकरून," आणि आत बसली. कोणत्याशा छोट्या नर्सिंग होमच्या दारात आम्ही उतरलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना तिने माझ्याआधी सांगितलं, "दारू सोरली, दोन दिस झालं, हात बघा." माझ्याबद्दल हे वाक्य कोणी बोललं आणि आभाळ कोसळलं नाही. डॉक्टरांनी फक्त विचारलं, "शेवटचं कधी घेतलं, आजी?" मी तारीख आणि वेळ अचूक सांगितली. तेवढं ग्रंथालयशास्त्र उरलं होतं.

त्यांनी मला पाच दिवस ठेवून घेतलं. आणखी एक दिवस घरी एकटीने काढला असता तर फिट आली असती असं त्या म्हणाल्या, आणि दारू घेतली असती तर पुन्हा जिथल्या तिथे. नवीन वर्ष माझं सलाइनखाली सुरू झालं. तुम्हाला मी मेलने मोबाइल बिघडल्याचं कळवलं होतं, तेही खोटं. जाग आली तेव्हा खिडकीत तुळस होती, पिशवीचं तोंड नीट दुमडलेलं. आयाबाई म्हणाल्या, "ती मावशी मला बोलली, आंघोळ केलेली असशील तर तूच ठेव. मग गेली. नाव नाही सांगितलं." मी पडल्या पडल्या त्या रोपाकडे बघत होते आणि मला गुरुवारची कहाणी आठवली. देवी म्हातारीचं रूप घेऊन वाड्याच्या दाराशी येते आणि राणी तिला ओळखत नाही, हाकलून देते. चाळीस वर्षं मी ती कहाणी वाचली, उच्चार स्पष्ट, कुठे न अडखळता, आणि दर वेळी मनात म्हटलं की काय मूर्ख राणी आहे.

हे काय होतं ते मी सिद्ध करायला बसलेले नाही. थर्टी फर्स्टला दारूच्या दुकानाबाहेर कोळीण बसते यात चमत्कार नाही. तिचा नवरा ज्याने गेला नेमकं तेच मला होणार होतं, आणि नेमकं तिला माझा हात दिसला, आणि माझ्या हातात पाकिटाऐवजी तुळस होती. मी एवढंच सांगते की मी बोलावलं नव्हतं. मी जे मागत होते ते देवघरापुढे मागत होते, आणि ते आलं मासळीच्या टोपलीशेजारून.

फेब्रुवारीत अंगात बळ आल्यावर मी तिला शोधायला सारसोळ्याला, खाडीकाठच्या कोळ्यांच्या गावात, गेले. नेरूळमध्ये इतकी वर्षं राहून त्या गावात मी पहिल्यांदा शिरले. जेट्टीपाशी विचारत विचारत गेले तर ती जाळं निवडत बसली होती. तिचं नाव हिराबाय. मी तिच्यासाठी साडी नेली होती, आणि मनात तयार करून नेलेली तीन-चार वाक्यं. त्यातलं एक असं होतं की तुझ्या रूपाने देवीच आली. तिने ते ऐकून घेतलं आणि बाजूच्या बाईला म्हणाली, "ऐकलास का, मी देवी झाली." दोघी पोट धरून हसल्या. मग मला म्हणाली, "मासे घेनार का?"

"मी खात नाही."

"मग आलीस कशाला? बस. चाय घे. हात दाव." मी हात पुढे केला. तिने बघितला, उलटा केला, पुन्हा बघितला. "बरा हाय," म्हणाली.

तेव्हापासून दर गुरुवारी मी तिला हात दाखवायला जाते. बाकीच्या दिवसांसाठी दुसरी सोय आहे. डॉक्टरांनी एक गट सांगितला, जवळच्या एका शाळेच्या वर्गात संध्याकाळी भरतो. पहिल्या दिवशी मी बाकावर बसले, शेजारी तळोज्याच्या कारखान्यातला एक फिटर होता आणि पलीकडे मार्केटमध्ये पोती उचलणारे एक काका. माझी पाळी आली तेव्हा मी इंग्रजीत सुरुवात केली. काका म्हणाले, "ताई, आपल्या भाषेत सांगा की. इथं कोन परीक्षा घेनार नाय." मी मराठीत सांगितलं. गंगाजलाचं सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही, कोणी च्च केलं नाही. काका म्हणाले, "माझी विठ्ठलाच्या तसबिरीमागं असायची."

तुम्हाला वाटेल, आता सगळं नीट झालं. सण आले की कळतं. गणपतीत आपल्या मजल्यावर गाणी झाली, गच्चीवर जेवण झालं, आणि टाकीमागे बाटल्या होत्या हे मला वासावरून आधी कळलं, मग दिसलं. मी उकडीचे मोदक वळणाऱ्या बायकांच्या घोळक्यात आत जाऊन बसले. नवरात्र बरं गेलं. दिवाळीत शेजारच्या वहिनींनी बोलावलं, काचेचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, "मावशी, फक्त वाइन आहे, द्राक्षाचा रस. सणाला एक घोट." त्यांना काही माहीत नाही, त्यांचा हेतू चांगला होता. तो ग्लास किती वेळ माझ्यापुढे होता ते मला आता सांगता येणार नाही. मी म्हणाले, "मला चालत नाही. मला ती सुटत नाही, म्हणून." वहिनींचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी ग्लास आत नेला आणि कोकम सरबत आणून दिलं. मी घरी येऊन गटातल्या एका बाईंना फोन केला आणि वरण-भात खाल्ला. आता मी सणाच्या घरी उपाशी पोटी जात नाही, जाण्याआधी एक फोन करते, आल्यावर एक फोन करते, आणि पाय थकले की उठते. या क्षुल्लक गोष्टी आहेत. मी ज्या मोठ्या गोष्टींवर विसंबले होते, शिक्षण, शिस्त, घराणं, त्यांतली एकही त्या रांगेत माझ्याजवळ उभी नव्हती.

शरण जाणं म्हणजे देवापुढे डोकं टेकणं असं मला वाटत असे. ते मी रोज करत होते, टेकलेल्या डोक्यापासून वीतभर अंतरावर ती बाटली असताना. आता मला वाटतं, शरण जाणं म्हणजे थरथरणारा हात दुसऱ्या कोणाला तरी दिसू देणं. त्याला मला एकाहत्तर वर्षं लागली आणि तरी तो मी आपण होऊन दाखवला नव्हता, तो तिने पाहिला. तुमच्यापुढे मी तो आज आपण होऊन ठेवते आहे. तुमच्या आईला मी काल सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला का नाही सांगितलंस?"  तुम्हाला राग आला तर तो रास्त आहे. ईशानला मी त्याच्या तळहातावर काय पिऊ दिलं, हे मी विसरणार नाही, आणि विसरायचं नाही असं ठरवलं आहे. लाज अजून तशीच आहे. सकाळी देवापुढे उभी राहिले की ती आधी येते, मग कृतज्ञता येते. त्या दोघी बरोबरच येतात, एकीला बाहेर ठेवून दुसरीला आत घेता येत नाही असं दिसतं.

मधुरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. घरात गंगाजल नाही. आजोबांनी आणलेलं मी बेसिनमध्ये ओतलं, ते परत येणार नाही, आणि नवीन आणून त्याच्या जागी ठेवायची मला इच्छा नाही. ती बाटली मी फोडली. कलशात नळाचं पाणी घाल, मोरब्याच्या धरणाचं आहे, स्वच्छ आहे. कलश आहे, तू घासलास तेव्हापासून तसाच लख्ख आहे. हिराबायला हळदी-कुंकवाला बोलावलं आहे, ती आंघोळ करून येते म्हणाली. आज सकाळपर्यंत मी प्यायलेली नाही. आणि खिडकीत तुळस आहे, तिला मंजिऱ्या आल्या आहेत.

तुमची आजी